पान १२९ सापडलं

प्रिय सुलू,

पान १२९ सापडलं.

एवढंच लिहून पाकीट बंद केलं असतं तरी तुला कळलं असतं आणि तू त्याच रात्रीची गाडी पकडली असतीस. पण मला बरंच बोलायचंय आणि तुझ्याशिवाय कुणाशी बोलायची सोय नाही. घरात सांगून पाहिलं. "कसलं पान?" असं विचारल्यावर पुढे काय सांगणार? शेवटची पानं गळालेल्या एका जुन्या रहस्यकथेवरून आपण दोघी शाळेपासून भांडतोय, हे कुणाला पटेल? बाकी इकडे सगळे ठीक. माझा गुडघा तसाच, यांची शुगर आटोक्यात आहे.

विजूच्या मुलीच्या लग्नाला साताऱ्याला गेले होते. पंगती उठल्यावर पाय मोकळे करायला म्हणून निघाले ती थेट आपल्या लायब्ररीपाशी. काका गेल्यापासून ती बंदच होती. त्या दिवशी मात्र शटर अर्धं वर, दारात टेम्पो, आत बापू आणि रद्दीवाल्याचा काटा. बाबुराव अर्नाळकरांची पातळ पुस्तकं सुतळीने आवळून ठेवलेली, झुंजारच्या आणि काळा पहाडच्या गोष्टी एकाच गठ्ठ्यात. हजाराच्या वर रहस्यकथा लिहिलेला माणूस, गिनीज बुकात नाव गेलेला, आणि त्याच्या पुस्तकांचा भाव किलोवर ठरत होता. मला तिथे उभं राहवेना, म्हणून मी मागच्या खोलीत गेले.

काकांचं बाइंडिंगचं टेबल अजून तसंच आहे. खळीचं भांडं, दाभण, दोऱ्याचं रीळ. खाली एक खोका, आणि त्यात सुटे फर्मे. पुस्तकाची शिवण उसवून सोळा पानं गळाली की काका ती कधी टाकत नसत, हे मला माहीतच नव्हतं. प्रत्येक फर्मा दुमडून, सुतळी बांधून, वर चिठ्ठी: "बघणे". बघायचं राहून गेलं. चार-पाच गठ्ठ्यांखाली एक फर्मा निघाला, वर आकडा १२९, शेवटी १४४. मधल्या एका ओळीत "भाऊसाहेब" दिसलं आणि त्याच्या खालच्या ओळीत "आड". सुलू, मी पानावर पालथा हात ठेवला आणि तशीच बसून राहिले. बापूला वाटलं मला चक्कर आली. पाणी घेऊन आला बिचारा.

१२८ व्या पानाची शेवटची ओळ आपल्या दोघींना झोपेतही म्हणता येईल: "इन्स्पेक्टरांनी कंदील वर धरला, आडावर वाकून पाहिलं, आणि पाण्यात". पुढे नुसता पुठ्ठा. त्या पुठ्ठ्याकडे पाहत तू माडीवरच्या जिन्यात रडली होतीस. कुठलंही पुस्तक हातात आलं की आधी शेवटचं पान वाचणारी तू! त्यावरून आपली किती भांडणं झाली! पण त्या एका पुस्तकात तुला माझ्याइतकंच ठाऊक होतं, जास्त काही नाही. मला त्याचा फार आनंद झाला होता, तो तेव्हा मी तुला दाखवला नाही.

तर तो फर्मा आता माझ्या कपाटात आहे, खाकी कागदात गुंडाळून, जरीच्या साड्यांखाली. मी वाचलेला नाही. एक ओळसुद्धा नाही. आणि माझी झोप उडाली आहे.

वाचू का, सुलू?

तुझं म्हणणं मला पाठ आहे. माणूसच. दिवाणजी किंवा तो माळी, आणि आडातला उजेड म्हणजे फॉस्फरस. हे तू भालबा केळकरांच्या होम्सवरून उचललं होतंस. बास्करव्हिलच्या कुत्र्याच्या तोंडाला फॉस्फरस फासलेला निघाला, मग आपल्या आडातही तोच. वाड्यातला कुत्रा त्या रात्री भुंकला नाही, म्हणजे येणारा ओळखीचा, हेही होम्सकडूनच. तिथे मी तुला अडवलं होतं आणि आजही अडवते. होम्सच्या त्या गोष्टीत कुत्रा भुंकत नाही, पण जागेवर असतो. आपला कुत्रा वाडा सोडून पळाला आणि परत आलाच नाही. ओळखीच्या माणसाला पाहून कुत्रं घर सोडतं का? शिवाय धुळीतली पावलं आडाकडे जाणारी होती, परत येणारी नव्हती. तू म्हणालीस, उलट्या वहाणा घातल्या असतील. मी म्हटलं, मग परत येणारीच दिसली असती, जाणारी कशी? यावर तू माझ्याशी दहावीच्या सुट्टीभर बोलली नाहीस. तो मुद्दा तुला आजही सुटलेला नाही, मला माहीत आहे.

मी इतकी वर्षं हे सगळं वाचत-पाहत आले आणि माझं एक मत पक्कं झालंय. रहस्यकथेत उत्तर मिळणं हा वाचकाचा हक्क आहे. शंभर पानं माणसाला संशयात ठेवायचं आणि शेवटी हात झटकायचे, ही फसवणूक. भयकथेचं उलट आहे. तिथे उत्तर आलं की भीती गेली. 'पुराना मंदिर' सिनेमा आठव. १९८४ साल, आपण दोघी आणि सोबतीला तुझा दादा. त्यातला सैतान सामरी नुसता सावलीत होता तोवर मी तुझा दंड सोडला नव्हता; नखांचे वळ दुसऱ्या दिवशीही होते. आणि तो पुरता समोर आल्यावर मी दादाकडे शेंगदाणे मागितले.

'तुंबाड' पुन्हा थेटरात लागला तेव्हा, २०२४ च्या सप्टेंबरात, भाच्याला घेऊन गेले होते. पहिल्यांदा, २०१८ ला, फारसं कुणी गेलं नव्हतं. या खेपेला लोकांनी त्याला पहिल्यापेक्षा जास्त पैसे मिळवून दिले. नारायण धारपांच्या भयकथेचं बीज आहे त्यात, ते पडद्यावर ओळखू येतं. पण मला विचारशील तर त्यातली खरी भीती पहिल्या भागातल्या त्या आजीत आहे. दाराआड ती घोरते आहे, ती झोपलेली राहावी म्हणून एक पोर धडपडतंय, आणि बाहेर पाऊस. नंतर त्यातला राक्षस, हस्तर, दिसतो, चांगलाच दिसतो, मेहनत घेतली आहे त्यावर. तरी मी घाबरले ती आजीला. भाचा म्हणाला, मावशी, तू डोळे मिटलेस. मिटलेच होते.

धारपांचं मात्र मला नेहमी कौतुक वाटत आलं. त्यांच्या समर्थाच्या गोष्टींत भूत खरंच असतं आणि समर्थ त्याच्याशी लढतोही. म्हणजे उत्तर मिळतं, पण ते उत्तर माणूस नसतं. तुला ते कधीच पटलं नाही. "ही पळवाट आहे" म्हणायचीस. अगं, पळवाट कसली? पहिल्या पानापासून लेखक सांगतोय की या जगात असं असतं, मग शेवटी तसंच निघालं तर त्यात लबाडी कुठे?

आपल्या पुस्तकाची पंचाईत तीच आहे. त्याने पहिल्या पानावर वचन कोणतं दिलं होतं? मुखपृष्ठावर केस सोडलेली बाई होती आणि कोपऱ्यात पिस्तूल. दोन्हींचं वचन! वर कुणीतरी पेन्सिलीने लिहिलेलं, "खुनी: दिवाणजी". ते मी आजही पुरावा मानत नाही, कारण आपल्या लायब्ररीत त्या पेन्सिलवाल्याचा सूड घ्यायला खोटी नावं लिहिणारी तूच होतीस. अर्ध्या साताऱ्याने निरपराध डॉक्टरांवर संशय घेतला तुझ्यामुळे.

आमच्याकडे भाचा राहायला आल्यापासून मी गेमही पाहायला लागले आहे. सायलेंट हिल नावाचा एक जुना गेम आहे, १९९९ चा. गावभर धुकं, हातात एक रेडिओ, आणि काही जवळ आलं की तो खरखरायला लागतो. भाच्याने सांगितलं, त्या वेळच्या प्लेस्टेशनला लांबवरचं सगळं गाव दाखवणं झेपत नव्हतं, म्हणून धुकं आणि अंधार घातला. म्हणजे यंत्राची अडचण, आणि तीच भीती झाली! मला तेव्हा आपला पुठ्ठा आठवला. लेखकाने आडात काहीही ठेवलेलं असो, आपल्याला जे दिसलं ते त्याने लिहिलेलं नव्हतं. ते उसवलेल्या शिवणीचं होतं. आणि त्या आडात वाकून मी अजून पाहत नाही, कुठल्याच आडात नाही. मला ती भीती हवी आहे, सुलू. लहानपणची म्हणून जी काही चीजवस्तू माझ्याकडे उरली आहे, त्यातली ही एक आहे. उद्या १४४ व्या पानावर माळी निघाला आणि त्याच्या खिशात बाटली, तर मी काय करू?

आणि दुसरी काळजी याहून मोठी आहे. भूतच निघालं तर?

त्या वर्षी तुमच्याकडे जे झालं, त्यानंतर तू माडीवर बसून मला एकच वाक्य सांगत होतीस. प्रत्येक गोष्टीमागे माणूस असतो, मंजू, आणि तो सापडतो. तू तेव्हा पुस्तकाबद्दल बोलत नव्हतीस हे मला कळत होतं. त्या वाक्यावर तू उभी राहिलीस, वकील झालीस, आणि शेवटी तो माणूस सापडलाही. आता एका जुन्या कादंबरीचा फर्मा उघडून मी तुला सांगू की माळी नव्हता, दिवाणजी नव्हता, कुणीच नव्हतं? तू हसशील. तरीही मला ते एकटीने वाचवत नाही.

डिकन्सचं शेवटचं पुस्तक तुला माहीत असेल, एडविन ड्रूडचं. बारा भागांत यायचं होतं, सहा लिहून झाले आणि ९ जून १८७० ला तो गेला. ड्रूड मेला की पळाला, मारला तर कुणी, काहीच कळलं नाही. लोक स्वस्थ बसले का? १९१४ मध्ये लंडनला डिकन्सच्या चाहत्यांनी त्या पुस्तकातल्या संशयितावर, जॅस्परवर, लुटुपुटूचा खटला भरला. लेखक चेस्टरटन न्यायाधीश, ज्यूरीचा प्रमुख नाटककार बर्नार्ड शॉ. शॉने सदोष मनुष्यवधाचा निकाल दिला, आणि चेस्टरटनने स्वतःला वगळून सगळ्यांना न्यायालयाच्या अवमानाबद्दल दोषी ठरवलं! पुढे १९८५ ला ब्रॉडवेवर त्याचं संगीत नाटक आलं, त्यात खुनी कोण हे प्रेक्षक मत देऊन ठरवतात, म्हणजे शेवट बदलता. हे वाचताना मला तुझी इतकी आठवण आली. शेवटाशिवायचं पुस्तक लोकांनी टाकून दिलं नाही, त्याच्याभोवती जमून भांडत राहिले. आपणही तेच केलं. फरक एवढाच की डिकन्सची पुढची पानं जगात कुठेच नाहीत आणि आपली माझ्या साड्यांखाली आहेत.

म्हणून मी असं ठरवलंय. एलरी क्वीनच्या सुरुवातीच्या पुस्तकांत शेवटाआधी लेखक थांबतो आणि वाचकाला आव्हान देतो: सगळे धागे तुमच्या हातात आहेत, आता तुम्ही सांगा. आपल्याला ते आव्हान इतक्या वर्षांपूर्वीच मिळालं होतं, फक्त आपण नुसतं तोंडी भांडलो, लिहून काही दिलं नाही. तर आता लिहू. पाण्यात काय दिसलं, ते का, आणि धुळीतल्या पावलांचं काय, हे तू एका कागदावर लिही. पावलं टाळायची नाहीत. माझा कागद मी काल रात्रीच लिहून लिफाफ्यात घातला आहे. दिवाळीत तू येशीलच, तेव्हा आधी एकमेकींचे कागद वाचू, मग फर्मा उघडू. मी मोठ्याने वाचेन, १२९ पासून, क्रमाने. तू माझ्यासमोर बसायचंस, शेजारी नाही. शेजारी बसलीस की पानं उलटशील.

आणि वाचून झाल्यावर जे निघेल ते निघेल. वाटलं तर आपलं उत्तर खरं आणि छापलेलं चूक, असा निकाल देऊ. चेस्टरटनला चाललं, आपल्याला का नाही?

तुझं काही विचारलंच नाही. रेवाचं ॲडमिशन झालं का? जर्मनीला थंडी फार, तिला लोकरीचे मोजे इथूनच दे. सासूबाईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन नीट झालं असं ताईंकडून कळलं, बरं वाटलं. कोर्टाच्या सुट्ट्या कधी लागतात ते कळव, म्हणजे तिकिटाचं बघता येईल. दादाला नमस्कार सांग, आणि त्याला यातलं काही सांगू नकोस. तो लगेच "मला वाच की फोनवर" म्हणेल.

उत्तर फोनवर देऊ नकोस, लिहून पाठव.

तुझी,
मंजू

ता. क. बापूकडून ते फर्मा नसलेलं मूळ पुस्तकही मिळालं. खळ आणि दाभण मी मागून आणलंय, तेव्हा शिवायचं काम दिवाळीतच करू. पेन्सिलीतलं "खुनी: दिवाणजी" अजून आहे. अक्षर नीट निरखून पाहिलं. सुलू, तो 'ज' तुझा आहे.