आधी खांब तपासा, मग रंगकामाचे टेंडर काढा

संपादक महोदय,

पुणे जिल्ह्यातील कुंडमळ्याचा लोखंडी पूल १५ जून २०२५ रोजी इंद्रायणीत कोसळला आणि चार जणांचे प्राण गेले. तेव्हापासून जुन्या लोखंडी पुलांचा विषय निघाला की बोलणे गंज आणि गर्दीपाशीच थांबते. खोल पाण्यातल्या पुलाचे दुखणे मात्र बरेचदा खांबात असते, तेही पाण्याच्या पातळीपाशी आणि तिच्याखाली.

अमेरिकेतील न्यूयॉर्क आणि व्हर्मांट राज्यांना जोडणारा लेक शॅम्प्लेनवरचा पूल पाहा. १९२९ साली खुला झालेला हा अखंड ट्रसचा, म्हणजे अनेक खांबांवरून सलग गेलेल्या त्रिकोणी लोखंडी सांगाड्याचा पूल बिनसळईच्या काँक्रीटच्या खांबांवर उभा होता. भेगांत शिरलेले पाणी हिवाळ्यात गोठून फुगायचे आणि भेग रुंदावत जायची. त्यातच बेअरिंग, म्हणजे सांगाडा खांबावर सरकू देणारे आधार, जाम झालेले. लोखंड उन्हाने लांबते, थंडीने आखडते. बेअरिंग सरकलेच नाही तर तो सगळा रेटा खांबाच्या माथ्यावर येतो, आणि सळईविना काँक्रीट ताण सोसत नाही. शिवाय अखंड ट्रसमध्ये एक खांब जरासा हलला तरी शेजारच्या गाळ्यांवरचा (दोन खांबांमधल्या भागांवरचा) भार बदलतो. १६ ऑक्टोबर २००९ रोजी पूल तडकाफडकी बंद झाला. दुरुस्तीसाठी माणसे चढवणेही धोक्याचे ठरले, म्हणून २८ डिसेंबरला तो सुरुंगाने पाडला. वळसा होता सुमारे १६० किलोमीटरचा. पुलाशेजारची तात्पुरती फेरी बोट १ फेब्रुवारी २०१० ला सुरू झाली. नवा पूल जुन्याच जागी बांधायचा असल्याने ७ नोव्हेंबर २०११ पर्यंत लोक फेरीवरच होते. मधली १२२ मीटरची कमान काठावर जोडून बार्जवरून (सपाट तराफ्यासारख्या नौकेवरून) आणली आणि जॅकने उचलून बसवली. पाण्यावरचे धोक्याचे काम त्यामुळे पुष्कळ वाचले.

आपल्या जलाशयांत बर्फ नाही, पण पाणी दरवर्षी कित्येक मीटर चढते-उतरते. ओल्या-सुक्याच्या त्या पट्ट्यातच सळई गंजते आणि काँक्रीटच्या खपल्या सुटतात. रंगकामाचे टेंडर काढण्याआधी पाणबुडे उतरवून प्रत्येक खांब शेवाळ खरवडून तपासलाच पाहिजे. बेअरिंग सरकते का, हे पहाटे आणि भर दुपारी खुणा करून मोजता येते. त्याला फारसा खर्चही नाही.

नवा पूल शक्यतो जुन्याच्या शेजारून घ्यावा, म्हणजे वाहतूक चालू राहते. खोल पाण्यात तळापर्यंत कॉफरडॅम, म्हणजे पाणी उपसून आत कोरडे काम करता यावे म्हणून उभारलेला बंदिस्त घेर, उतरवणे महाग आणि जोखमीचे. त्यापेक्षा बार्जवरून पोलादी केसिंग (नळकांडे) खडकात बसवून त्यात काँक्रीटचे पाइल, म्हणजे खोल पायाचे खांब, घ्यावेत आणि त्यांचे माथे जोडणारी पाइल कॅप पाण्याच्या पातळीजवळ ठेवावी. खरी गफलत होते ती काँक्रीट ओतताना. पाण्याखाली काँक्रीट सोडणाऱ्या ट्रेमी पाइपचे तोंड ताज्या काँक्रीटमध्ये दीड-दोन मीटर बुडालेले राहायला हवे. पाइप घाईने वर खेचला, तोंड उघडे पडले, की पाणी मिसळून पाइलच्या पोटात चिखलासारखा थर राहतो. वरून काहीच दिसत नाही. तो ध्वनिलहरींच्या चाचणीत सापडतो, पण त्यासाठीच्या नळ्या सळयांच्या पिंजऱ्याला आधीच बांधलेल्या असाव्या लागतात. टेंडरमध्ये ही बाब नसेल तर नंतर कोणी त्या बांधत नाही. जुना पूल पाडताना त्याचे खांबही पाण्याच्या नीचांकी पातळीच्या बरेच खाली कापावेत. अर्धवट ठेवलेला बुंधा उन्हाळ्यात होडीचा तळ फाडतो.

पाण्याखालच्या तपासणीचे अहवाल छायाचित्रांसह पुलाच्या दोन्ही टोकांच्या ग्रामपंचायतींत लावावेत आणि पूल बंद करण्याच्या आदेशातच फेरी कोणत्या तारखेला सुरू होणार हे लिहावे, ही आमची मागणी आहे.

— पूल तपासणीच्या कामातील स्थापत्य अभियंते, पुणे