पावसाच्या पाण्यातली लेकरं

लातूर,
14 जुलै

प्रिय सुध्या,

दिवाळीत तू आमच्या हॉलमध्ये बसून जे बोललास ते मी विसरलेलो नाही. चहाची बशी हातात, नजर माझ्या डिस्कस माशांच्या काचेच्या टाकीकडं, आणि म्हणालास, "दिग्या, ज्या गावाला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या गावात तू दिवसाआड शंभर लिटर पाणी बदलायचे मासे पाळायलास?" तुझी वहिनी हसली, आई हसली, मीही हसलो. रात्री मात्र झोप लागली नाही. 12 एप्रिल 2016 ला मिरजेहून पहिली जलदूत रेल्वे आली तेव्हा आपण दोघंच तुझ्या स्कूटरवर बघायला गेलो होतो. दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. पाणी भरायच्या जागांवर 144 कलम लागलेलं. म्हणजे टोमणा मारायचा हक्क तुला होताच.

आज त्याचं उत्तर लिहितोय. एक बातमीही आहे, पण आधी कबुली.

तू आलास तेव्हा मी बरंचसं पाणी क्षार गाळणाऱ्या आरओ मशीनमधून काढायचो. सत्तर लिटर चांगलं पाणी मिळवायला दीड-दोनशे लिटर खारं पाणी बाहेर पडायचं. त्यातलं थोडं फरशी पुसायला, थोडं संडासात, बाकी सरळ मोरीत. ते चुकलंच. तू नुसतं बदलायचं पाणी मोजलंस, मोरीत गेलेलं तुला दिसलंच नव्हतं, म्हणून मी गप्प बसलो.

पण हे वेड कशामुळं, ते सांगतो. डिस्कस मूळचा अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातला. तिथं रिओ निग्रो नावाची नदी आहे, तिचं पाणी कोऱ्या चहासारखं काळपट. जंगलातला पाला कुजून तो रंग येतो. त्या पाण्यात क्षार जवळजवळ नाहीतच, चव आंबटाकडं झुकलेली, आणि ऊब 28 ते 30 अंश. ऊब आपल्याकडं फुकट मिळते म्हण! हीटर लागतो तो डिसेंबर-जानेवारीच्या रात्रीच. बाकी सगळं आमच्या बोअरच्या उलटं. आमच्या बोअरचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं माप, 600 च्या आसपास, बादलीला महिन्याभरात पांढरं कडं धरतं.

आणि मासा कसा, तर धोंड्याच्या महिन्यात मानपान चुकलेल्या जावयासारखा. जरा काही बिनसलं की काळा पडतो, अंगावर उभे पट्टे येतात, कोपऱ्यात तोंड करून उभा राहतो, जेवायला नाही म्हणतो. सहा जण एकत्र असले तर बरे राहतात, दोन-तीन असले की मोठा धाकट्याला जगू देत नाही. खाणंही नखऱ्याचं. खाटकाकडून बोकडाचं दिल आणायचं, चरबी आणि शिरा काढायच्या, कोळंबीबरोबर वाटून वड्या गोठवायच्या. आई माळकरी, त्यामुळं त्यासाठी वरच्या खोलीत जुना फ्रीज वेगळा ठेवलाय, आणि त्या जिन्याची पायरी ती चढत नाही.

मेमधली गोष्ट तुला फोनवर सांगितली नव्हती, लाज वाटली. बोअर आटली, टँकर मागवला. लाइट नव्हती, दुपारची चाळीस-बेचाळीसची वेळ, पाणी तापलेलं, मासे वर येऊन तोंड उघडायलेले. गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो, त्यात एअर पंप बंद. मी घाबरून टँकरचं पाणी तसंच ओतलं. टँकरवाल्यानं ब्लीचिंग पावडर टाकलेली होती, आणि त्यानं ती टाकायलाच हवी, पाणी माणसांना प्यायचं होतं. चूक माझी. चोवीस तास शिळं करून, हवा देऊन, नाहीतर क्लोरीन मारणाऱ्या थायोसल्फेटचे चार खडे टाकून मग ओतायचं, एवढं मला ठाऊक होतं. ब्लीचिंगमधल्या क्लोरीननं कल्ले जळतात. संध्याकाळपर्यंत दोन गेले, त्यातला एक तुला आवडलेला निळा. जास्वंदीखाली पुरले. त्या दिवसापासून पंप इन्व्हर्टरवर आहे.

त्यानंतर आठ दिवस मी नुसता विचार केला. हे मासे काही नदीतून धरून आणलेले नाहीत, कैक पिढ्या टाक्यांतच वाढलेत. मोठ्या माशाला थोडं जड पाणी चालतं, फक्त ते रोज सारखं पाहिजे. मग आरओ बंद केलं. आता बोअरचंच शिळं पाणी, दिवसाआड साठ लिटर. चारच मासे आणि मोजून खाणं, म्हणून एवढ्यात भागतं. जे काढतो ते पाइपनं थेट कढीपत्त्याला, जास्वंदीला आणि दोन पपयांना. झाडांना आधी पाणी देतच होतो की, आता तेच माशांच्या हातून जातं. पपया बघशील तर म्हणशील खत कोणतं घालतोस!

पण अंडी जड पाण्यात टिकत नाहीत, आणि खरी गोष्ट इथं सुरू होते. चारांपैकी दोघांची जोडी जमली होती. त्यांना दोन फुटी वेगळी टाकी केली, कुंभाराकडची कुंडी त्यात पालथी घातली. दोघं आळीपाळीनं कुंडी चोचल्यासारखी साफ करायची, मग ओळीनं अंडी. पहिली खेप त्यांनीच खाल्ली. दुसरी, तिसरी पांढरी पडली. तू असतास तर म्हणाला असतास, दोन्ही माद्याच असतील. तसं होतंही बरं का, यांच्यात नर-मादी वरून ओळखता येत नाही.

मृग लागला आणि वळवाचे दोन पाऊस वाया गेल्यावर डोक्यात आलं. अंगणावर दहा बाय बाराचा फायबरचा पत्रा आहे. त्यावर 10 मिलिमीटर पाऊस पडला तरी शंभर लिटर पाणी उतरतं. (जस्ताचा पत्रा असता तर धरलं नसतं, जस्त पाण्यात उतरतं.) पहिला पाऊस धूळ-विष्ठेसकट सोडून दिला, दुसरा ड्रममध्ये धरला. नऊ बादल्या पावसाच्या, एक बोअरची. नुसतं पावसाचं पाणी बरं नाही, त्याचा आंबटपणा एकदम वाढू शकतो. मीटरवर टीडीएस 80 दिसला तेव्हा मी तुझ्या वहिनीला झोपेतून उठवून दाखवला. तिनं बघितलं आणि परत झोपली.

24 जूनला अंडी. तिसऱ्या दिवशी कुंडीवर शेपट्या वळवळायल्या. सहाव्या दिवशी सगळी पोरं सुटली आणि आई-बापाच्या अंगाला चिकटली, सत्तर-ऐंशी तरी असतील. या माशांच्या कातडीतून एक चिकट पाझर सुटतो, पोरं तोच खातात. आईच्या अंगावर चरतात, ती दमली की अंग झटकते, की सगळा घोळका बापाकडं. बापही पाजतो, सुध्या! चार-पाच दिवस दुसरं काही चालत नाही. मग मिठाच्या पाण्यात रोज ब्राइन श्रिम्प, म्हणजे झिंग्यासारखे बारीक जीव, अंड्यांतून उबवून द्यायचे. आता उरली त्रेपन्न, मोजलीत.

आई पहिल्यांदा टाकीजवळ आली ती जपमाळ हातात घेऊन. बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "बाई, दोघंबी पाजायलेत की लेकरांना!" आता सकाळी हरिपाठ झाला की खुर्ची तिथंच. दिलाच्या वड्यांचं नाव अजून काढत नाही, पण काल मला म्हणाली, पोरांना सांजच्याला कमी घातलास.

आता काम. औशाच्या शेतात तुझी पाचशे लिटरची काळी टाकी रिकामी पडलीय ना? पोरांना बोअरच्या पाण्यावर आणायला महिना-दीड महिना लागेल, तोवर पावसाचं पाणी धरायला ड्रम पुरणार नाही. भादव्याच्या आधी टेम्पो पाठवतो. झाकण आहे का, उंदरानं कुरतडलंय का, तेवढं सालगड्याला विचारून कळव.

तुझा,
दिग्या