कंबरदुखीचे मूळ आधी सापडू द्या

महोदय,

ऊसतोडीचा हंगाम संपवून मंडळी गावी परतली की मराठवाड्यातल्या दवाखान्यांत कंबरदुखीची गर्दी होते. एमआरआय काढला की ‘मणक्यात गॅप’ हे उत्तर ठरलेलेच. पण जुनाट कंबरदुखीच्या साधारण 15 ते 30 टक्के रुग्णांत दुखणे कणा आणि कमरेचे हाड जोडणाऱ्या एसआय (सॅक्रोइलियाक) सांध्यात असते.

औषधे, व्यायाम करूनही भागले नाही तर निवडक रुग्णांत छोट्या छेदातून टायटॅनियमचे इम्प्लांट बसवून हा सांधा जखडता येतो. जागा मात्र अवघड. शेजारी मज्जातंतूंची छिद्रे, पुढे मोठ्या रक्तवाहिन्या, शिवाय प्रत्येकाच्या हाडाची ठेवण निराळी. म्हणून सीटी स्कॅनवरून संगणकात त्रिमितीय प्रतिकृती करून इम्प्लांटची लांबी, कोन आणि मार्ग आधीच आखतात. सोय उत्तमच. पण इम्प्लांट कुठून घालायचे हे संगणक दाखवील, घालायचे की नाही हे नाही. त्यासाठी डॉक्टरांनी हाताने करायच्या चाचण्या आणि सांध्यात भुलीचे इंजेक्शन लागते. तेवढ्यापुरती वेदना बरीच कमी झाली, तर दुखणे याच सांध्याचे असल्याचा संशय खरा.

बीडच्या ऊसतोड महिलांचे गर्भाशय गरज नसताना काढल्याच्या आरोपांचे प्रकरण 2019 मध्ये राज्यभर गाजले. त्यानंतर तरी निदानाआधी चाकू नको! संभाजीनगरचे घाटी आणि अंबाजोगाईचे शासकीय रुग्णालय येथे या इंजेक्शन-तपासणीची सोय नियमित आणि मोफत मिळावी. आखणीचे सॉफ्टवेअर नंतर आले तरी चालेल.

– एक वाचक, केज (जि. बीड)