ठरलेल्या तारखेआधी आलेल्या गुलाबकलमांबद्दल तक्रार

दि. ३ फेब्रुवारी २०२६
कसबा बावडा, कोल्हापूर

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग (ऑनलाइन रोपवाटिका)

विषय : फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यासाठी मागवलेली कलमं जानेवारीतच पाठवल्याबद्दल व रक्कम परत मिळण्याबाबत.

महोदय / महोदया,

डिसेंबरमध्ये मी तुमच्याकडे आठ गुलाबकलमं, चार मोगऱ्याची रोपं आणि निशिगंधाचे कंद मागवले होते. ऑर्डर देताना माल कोणत्या आठवड्यात हवा ते निवडायची सोय तुमच्याकडे आहे. त्याचे वेगळे १२० रुपये पडतात. ते मी भरले आणि ९ ते १४ फेब्रुवारी हा आठवडा निवडला. बिलावर तो छापलेला आहे. खोकं मात्र २७ जानेवारीलाच दारात आलं. आधी फोन नाही, विचारणा नाही. 'आपली ऑर्डर निघाली आहे' हा मेसेज आला तो त्याच दिवशी संध्याकाळी, खोकं उघडून झाल्यावर.

हे मी तुमच्या ग्राहक सेवेतल्या ताईंच्या कानावर घातलं, तर त्या म्हणाल्या, "मॅडम, लवकरच मिळालं ना? उशीर तर नाही झाला." बोलायला गोड होत्या, पण मुद्दा त्यांच्या लक्षात आला नाही. मिक्सर मागवला असता आणि तो दोन आठवडे आधी आला असता तर मी आभारच मानले असते. रोपांच्या बाबतीत हे म्हणजे मांडव पडायच्या आधीच वरात दारात येऊन उभी राहावी तसं झालं.

तो आठवडा मी का निवडला, ते सांगते. पौष सरत आला की गच्चीवरच्या बागेत कामांची रांग लागते. जुन्या मोगऱ्याचं पाणी तोडायचं, त्याची पानं गळायला लागली की छाटणी करायची आणि मग खत घालून पुन्हा पाणी सुरू करायचं, तेव्हा कुठे उन्हाळ्यात कळ्या धरतात. कुंड्यांतली जुनी माती गच्चीवर पसरून उन्हात तापवायची. त्यात हुमणीच्या अळ्या निघतात, त्या वेचायच्या. मग शेणखत आणि निंबोळी पेंड मिसळून ती माती ओलसर ठेवून मुरू द्यायची. पेंड मुरलेली नसताना कोवळी मुळं त्यात घातली तर ती भाजतात. मधल्या दिवसांत हिरवी जाळी बांधून घ्यायची, गावाकडून उसाचं पाचट आणून ठेवायचं, कारण पुढे कुंड्यांतला ओलावा तेच राखतं. हे सगळं शिवरात्रीच्या आत उरकायचं असतं. शिवरात्रीला थंडी 'शिव शिव' करत निघून जाते म्हणतात ते कोल्हापुरात तरी बरोबर आहे, त्यानंतर दुपारच्या उन्हात स्लॅबवर अनवाणी पाय ठेववत नाही. यंदा शिवरात्र १५ फेब्रुवारीला आहे. म्हणजे ९ ते १४ हा आठवडा मी काही डोळे मिटून निवडलेला नव्हता. माती तयार, रात्री अजून थंड आणि ऊन चढायच्या आत मुळांना धरायला थोडी सवड, असं सगळं जुळणारा तो आठवडा होता. तुमचं खोकं आलं तेव्हा माझी माती गच्चीभर पसरलेली होती आणि कुंड्या धुऊन पालथ्या घातलेल्या होत्या.

आता खोक्याविषयी. त्यावर 'जिवंत रोपे' असं ठळक छापलेलं, पण हवेला एकही भोक नाही. चारही बाजूंनी चिकटपट्टी. वर तुम्ही ते नेमकं अशा बेतानं पाठवलंत की शुक्रवारी ते इथल्या कुरिअरच्या गोडाऊनला पोचलं आणि पुढे चौथा शनिवार, रविवार आणि सोमवारी २६ जानेवारी. मंगळवारी खोकं घेऊन आलेला पोरगा स्वतःहूनच म्हणाला, "मावशी, शुक्रवारपासनं पडून हाय बघा गोडाऊनला. वरनं पत्रा हाय, दुपारचं लई तापतंय." त्याला मी पाणी दिलं. त्याचा यात काही दोष नाही.

खोकं उघडल्यावर आधी कुबट वास आला. गुलाबांची मुळं मातीशिवाय, नुसती मॉसमध्ये (सुकवलेल्या शेवाळात) गुंडाळलेली होती. मॉस वरून कोरडं ठणठणीत आणि आत बुंध्याशी राखाडी बुरशी. पण मला खरं वाईट वाटलं ते फुटवे बघून. अंधारात आणि उबेत कलमांना फूट आलेली, बोटभर लांब, पांढरट, पान म्हणून नाही, उजेड शोधत चिकटपट्टीच्या फटीकडे वळलेली. अशी फूट काडीतला साठा खाऊन वाढते, कारण मुळांकडून तिला काही मिळत नसतं आणि हिरवं पान नसल्यामुळे ती स्वतःही काही करू शकत नाही. काडी आतून रिकामी होत जाते.

कलमं मी रात्रभर बादलीत भिजवली, कुजलेली मुळं कापली आणि हाताशी होत्या त्या पिशव्यांत कोकोपीट भरून ती सावलीत लावली. माती तयार नसल्यामुळे दुसरा इलाज नव्हता. पांढरी फूट उजेडात येताच काळी पडून गळली. दोन काड्या नखानं खरवडून पाहिल्या तर सालीखाली हिरवं काहीच नाही, तपकिरी. ती दोन गेलीच. आणखी दोन कलमांना नवी फूट आली आहे, पण ती डोळा भरलेल्या जागेच्या खालून, म्हणजे ज्या रानटी गुलाबावर कलम बांधतात त्या खुंटाची. वरचा, तुमच्या कॅटलॉगमधला गुलाब मेला आणि खालचा रानटी खुंट जगला. तुमच्या हिशेबी ही दोन्ही कलमं 'जिवंत' असल्यामुळे हमीत बसत नाहीत, असं मला लेखी कळवण्यात आलं आहे. मी पैसे फुलासाठी मोजले होते, काट्यांसाठी नाही. उरलेली चार अजून हिरवी आहेत, पण फुटलेली नाहीत.

मोगऱ्याची रोपं मातीच्या गड्ड्यासकट आली. पानं पिवळी पडली आहेत, तरी मोगरा चिवट, तो सावरेल. निशिगंधाचे कंद टपोरे आणि निरोगी आहेत. ते चैत्रात लावायचे, तोवर कागदी पिशवीत निवांत पडून राहतील, त्यांना लवकर-उशिराचं सोयरसुतक नाही. या दोन्हींबद्दल माझी तक्रार नाही. तुमच्याकडे माल चांगला असतो हे मलाही मान्य आहे, म्हणूनच हे पत्र एवढं सविस्तर लिहिते आहे.

खोक्यात एक रंगीत माहितीपत्रकही होतं. त्यात म्हटलं आहे की हिम पडायचं पूर्ण थांबेपर्यंत रोपं घरात उबदार खिडकीशी ठेवावीत आणि वसंत ऋतू स्थिरावल्यावरच बाहेर लावावीत. अहो, आमच्याकडे हिम पडतच नाही! दवबिंदू गोठल्याच्या बातम्या येतात त्या महाबळेश्वरच्या वेण्णा लेकवरून, रंकाळ्यावरून नव्हे. हा सल्ला कोल्हापूरच्या कुणी नवख्या माणसानं पाळला तर तो कलमं खिडकीत ठेवून वसंताची वाट पाहत बसेल आणि ऐन मार्च-एप्रिलच्या तडाख्यात ती गच्चीवर नेईल. थंड मुलखासाठी लिहिलेलं पत्रक जसंच्या तसं उतरवून इथल्या माणसाच्या हाती देणं बरं नाही. इथल्या हवेचं पत्रक तुम्हाला कोणताही जुना माळी एका बैठकीत सांगेल.

ग्राहक सेवेनं शेवटी 'रोपे जिवंत पोहोचल्याने तक्रार बंद' असा एका ओळीचा निरोप पाठवून विषय संपवला. माझ्या दृष्टीनं तो संपलेला नाही. माझा आक्षेप आधी तारखेवर आहे, जगण्या-मरण्यावर नंतर. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत द्यायची असते आणि निवारण महिन्याभरात करायचं असतं. माल कबूल केल्याप्रमाणे नसेल तर तो परत घ्यायला किंवा रक्कम परत द्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही, हेही त्याच नियमांत आहे. आठवडा तुम्ही स्वतः कबूल केला होता आणि त्याचे पैसेही घेतले होते.

तेव्हा आठही कलमांची किंमत आणि आठवडा निवडण्याचे १२० रुपये, एवढी रक्कम मला परत करावी. चार हिरवी कलमं परत हवी असतील तर तुमच्या खर्चानं घेऊन जा. बदली रोपं कृपा करून आत्ता पाठवू नका. ती येईपर्यंत मार्च उजाडेल आणि पुन्हा हाच खेळ होईल. मोगरा आणि कंद मी ठेवून घेते आहे, त्यांचे पैसे तुमचेच. ज्या ग्राहकांनी पुढचे आठवडे निवडले आहेत त्यांचा माल तरी सुट्ट्यांच्या तोंडावर कुरिअरला देऊ नका, आणि खोक्याला चार भोकं पाडा. त्याला काही खर्च नाही.

महिन्याभरात उत्तर आलं नाही तर मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन आणि तिथूनही काम झालं नाही तर कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. २०१९ च्या कायद्यामुळे ग्राहकाला आपण राहतो तिथेच दाद मागता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फीही लागत नाही. त्यासाठी मला तुमच्या गावी यावं लागणार नाही.

खोकं, मॉस आणि मेलेल्या दोन काड्या मी जपून ठेवल्या आहेत. पाहणीला माणूस पाठवायचा असेल तर सकाळी दहाच्या आत पाठवावा आणि आदल्या दिवशी फोन करावा.

कळावे,
आपली ग्राहक

सोबत : बिलाची प्रत, खोक्यावरील कुरिअरच्या शिक्क्याचा फोटो, कलमांचे फोटो, तक्रार बंद केल्याचा निरोप.