बापू, फेब्रुवारीत पाहुणे येतायत

कोजागरी, रात्रीचे साडेअकरा

प्रिय बापू,

आधी शिव्या घालून घे, मग पुढे वाच. चौदा महिने झाले. तुझ्या मेसेजांना मी नुसते अंगठे पाठवत राहिलो, सोसायटीच्या कागदावर देतात तसे. काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन मला दादाकडून कळलं, तेही होऊन दोन महिने गेल्यावर. तोंड नव्हतं म्हणून फोन केला नाही, आणि फोन केला नाही म्हणून उरलंसुरलं तोंडही गेलं.

आमचं ठीक. शुगर आहे तिथेच आहे, थंडी पडली की हिची पाठ धरते, पोरगी माझ्या खांद्याला लागली. झालं.

आता मुद्दा. काल मी एक मोठी थाप मारून आलोय आणि ती निस्तरायला तूच लागणार आहेस. जिथे मी तोंडघशी पडतो तिथे नेहमी तूच का असतोस, हे एकदा कुणा ज्योतिषाला विचारायला हवं.

इथे जर्मनीत आमच्यापासून अर्ध्या तासावर वाइनचा रस्ता आहे. नावच तसं आहे, डॉइचे वाइनश्ट्रासे. ८५ किलोमीटरचा, १९३५ साली सुरू झालेला. पिंपळगावहून वणीला निघाल्यासारखं वाटतं बघ, दोन्ही अंगांना बागाच बागा, फक्त खड्डे नाहीत आणि उसाचा रस नाही. सप्टेंबर लागला की गावोगाव उरूस. बाड ड्युर्कहाइमचा सगळ्यांत मोठा, सहाशे वर्षांच्या वर झाली म्हणतात, आणि एवढ्या मोठ्या वाइनच्या जत्रेचं नाव काय, तर सॉसेजचा बाजार! तिथे १७ लाख लिटरचं एक लाकडी पिंप उभं आहे. पिंपात वाइन नाही, हॉटेल आहे. तात्या असते तर म्हणाले असते, आपल्या चेअरमनचं डोकं दिसतंय.

आम्ही गेलो ते तिकडे नाही. नॉयश्टाटच्या अलीकडे एक लहान गाव आहे, तिथल्या एका घरच्या वाइनरीच्या अंगणात. हिच्या ऑफिसातल्यांनी ठरवलं होतं. अंगण म्हणजे आपल्या खळ्याएवढं, आणि माणसं चैत्रात सप्तशृंगीच्या गडावर असतात तेवढी. बाकांवर एकमेकांच्या मांडीला मांडी लावून बसलेले, बँड वाजतोय, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गवताच्या गाठी टाकून पोरांना बागेत फिरवतायत. रांग ग्लासाची वेगळी, वाइनची वेगळी, खायची वेगळी. ग्लास अर्धा लिटरचा, अंगाला बोटाएवढे खळगे. खाटकांचे हात तेलकट, त्यांच्या हातून ग्लास निसटू नये म्हणून खळगे आले, असं सांगतात. ग्लासाचे दोन युरो डिपॉझिट. ही म्हणाली, ग्लास घरीच नेऊ. मी म्हटलं, आपण दिंडोरीचे, लोकांना कळेल.

या दिवसांत नवी वाइन मिळते, अजून आंबत असलेली. फेडरवायसर. रंग म्हणशील तर थेट आपलं मसाला दूध, गढूळ, चुळबुळणारं. गोड लागते म्हणून माणूस पीत राहतो आणि मग उठता येत नाही. बाटलीचं झाकण घट्ट लावतच नाहीत, आत गॅस होत असतो, उभीच न्यावी लागते. हे मला माहीत होतं. तरी मी एक बाटली हिच्या बॅगेत आडवी ठेवली. गाडीत बसेपर्यंत तिची छत्री, पाकीट, पोरीची वही, सगळ्याचा मोरंबा. कालपासून माझ्याशी फक्त कामापुरतं बोलणं चालू आहे. या वाइनबरोबर कांद्याचा केक खातात. हसू नकोस, चांगला लागतो. लासलगाववाल्यांना अजून सुचला नाही एवढंच.

तर मी खायच्या रांगेत उभा होतो. रांग शेडच्या कडेने वळत होती, आणि शेडमागे चोथ्याचा ढीग होता, नुकत्या पिळलेल्या काळ्या द्राक्षांचा. वारा तिकडून आला आणि बापू, मी तिथे नव्हतोच. मार्च २००९, करारवाल्यांच्या वाइनरीचं गेट, आपली ट्रॉली रांगेत सोळावी. रात्रभर. क्रेटांतून रस गळून खालची माती चिकट झालेली, सकाळी मधमाश्यांनी ट्रॉली झाकून गेली होती. तू माश्यांच्या मध्ये बसून भेळ खाल्लीस आणि एकही चावली नाही. त्या सगळ्या त्या दिवशी मला चावल्या, ब्रिक्स म्हणजे द्राक्षातली साखर मोजणाऱ्या पोरासकट. 'साडेवीस आहे, बावीस लागतं.' चार दिवस तोडा थांबवायला सांगणारेही तेच होते आणि आज का आणला म्हणणारेही तेच.

मी रांग सोडून ढिगाकडे गेलो, मूठभर चोथा उचलून नाकाला लावला. मागून आवाज आला. मालकीण. चाळिशीची असेल, गुडघ्यापर्यंत रबरी बूट, बोटं जांभळी. मला वाटलं रागावते. ती म्हणाली, तुमची बाग आहे का कुठे? बिनबागेचा माणूस असा वास घेत नाही म्हणे.

मी म्हणालो, हो.

एवढ्यावर थांबलो असतो तर निभावलं असतं. आपली जमीन आहे, बाग होती, 'आहे' आणि 'होती' यांत जर्मनमध्ये माझी तशीही गल्लत होते. पण तिने विचारलं, कुठली द्राक्षं? आणि मी म्हणालो, काबर्ने आणि शिराझ, तीन एकर. वडिलांनी लावलेली. मित्र बघतो.

मग तिने मला ओढून तिच्या टेबलावर नेलं. तिचा म्हातारा बाप होता, दोन शेजारी बागाईतदार होते. भारतात वाइनची द्राक्षं! आणि मी सुटलो रे. माझं जर्मन म्हणजे तुझं इंग्रजी, पण काल कसं काय कोण जाणे, धरण फुटल्यासारखं. मी म्हणालो, आम्ही वर्षातून दोनदा छाटतो. त्यांना वाटलं मी आकडा चुकलो. दोन बोटं दाखवली. त्यांची छाटणी एकदाच, जानेवारी-फेब्रुवारीत, वेल झोपलेली असताना. मी म्हटलं, आमच्याकडे वेल झोपतच नाही, तिला झोपण्याएवढी थंडीच नाही. एप्रिलात खरड छाटणी काडीसाठी, ऑक्टोबरात गोडी छाटणी घडासाठी, पेस्ट लावून काडीवरचे डोळे उठवायचे, आणि पीक मात्र एकच. म्हाताऱ्याने ग्लास खाली ठेवला. मग मी घड जिरून त्याची बाळी, म्हणजे नुसता तणावा, कशी होते ते रुमालावर काढून दाखवलं, तसा शब्द मला कुठून जर्मनमध्ये सापडणार. पानांवरची डाऊनीची बुरशी सांगितली, ती त्यांनाही पुरेपूर माहीत. डिसेंबर-जानेवारीत निफाडकडे पारा उतरला की मणी तडकू नयेत म्हणून रात्री बागेत शेकोट्या पेटवतो म्हटल्यावर शेजाऱ्याने टेबलावर मूठच आपटली. इथे एप्रिल-मेमध्ये कोंब फुटल्यावर दहिवर गोठतं, तेव्हा हेही ओळींमधून मोठाल्या मेणबत्त्या लावून रात्र जागतात. ते ब्रिक्स म्हणत नाहीत, एक्स्ले म्हणतात. आपल्या आकड्याला चाराहून थोड्या जास्तीने गुणायचं. आणि मूळ तर आपण कलम बांधतो त्या डॉगरिज खुंटाचंही अमेरिकेचं आणि त्यांच्याही वेली अमेरिकन मुळांवरच बांधलेल्या. त्यावरून पुन्हा एकदा ग्लास भरले.

दहा मिनिटं मी हिरो होतो. अकराव्या मिनिटाला लक्षात आलं की मी बोलतोय ते सगळं तुझं आहे. मी २०१० नंतर कात्री हातात धरलेली नाही.

पण तोपर्यंत मी तिला आमंत्रण देऊन बसलो होतो. नवराबायको फेब्रुवारीत केरळला येणारच आहेत. म्हटलं, तिथून नाशिकला या, ऐन तोड्यात या, आमची बाग बघा. आज सकाळी तिची मेल आली. १६ फेब्रुवारी. म्हाताराही येतोय.

आता काय दाखवायचं? आपल्या तीन एकरांत टोमॅटो आहे. तुझ्या खायच्या द्राक्षांत, थॉमसनमध्ये, उभं करून 'हेच काबर्ने' म्हणावं, तर ती पान बघून ओळखेल, पानसुद्धा कशाला, तो लांबडा हिरवा मणी बघून. पलीकडच्या मळ्यातली दाखवू म्हटलं तर तो मळेवाला मला बघून काय म्हणेल ते तुला माहीतच आहे. पावसाने गेली म्हणावं, तर यंदा पावसाने इतक्यांचं खरंच गेलंय की त्यात खोटं मिसळायची लाज वाटते. हिला सांगितलं तर म्हणाली, साधं लिहून टाक ना, आता बाग नाही म्हणून. हिला साधं वाटतं. मी कालपासून तीन वेळा लिहायला बसलो. 'आता बाग नाही' लिहिलं की पुढचं वाक्य 'का' चं येतं.

का चं उत्तर मी सगळ्यांना एकच देत आलोय. नाना कंटाळले. माळकरी माणूस, दारूचं पीक मनाला पटेना, भाव पडल्यावर म्हणाले काढून टाका. हिला हेच सांगितलंय, पोरीला हेच, दादालाही हेच वाटतं.

तुला माहीत आहे काय झालं ते. २००५ ला सरकारच्या धोरणाचे कागद आणि कराराचा नमुना घेऊन घरी कोण आलं होतं? मी. नाना म्हणाले होते, माळ घालून हे पीक? तेव्हा मीच त्यांना समजावलं की आपण दारू गाळत नाही, द्राक्षं विकतो, द्राक्षात पाप नाही. ते दोन दिवस गप्प होते, मग सही केली. आणि २०१० च्या मे महिन्यात ट्रॅक्टरला साखळी बांधून ओळी ओढायला सांगणारा मीच. करारवाल्यांनी दर निम्म्यावर आणला होता हे खरं, वेळेवर पैसे देत नव्हते हेही खरं. पण मला घाई होती ती इकडे यायची फी भरायची होती म्हणून. तारा, अँगल, सगळं भंगारात विकून पहिला हप्ता भरला. तू म्हणालास, एक वर्ष थांब. मी म्हणालो, तुझ्या बापाच्या बोडक्यावर कर्ज नाहीये. हे वाक्य मी पंधरा वर्षांत मागे घेतलेलं नाही. आज घेतो. तूही दोन-तीन वर्षांनी पलीकडच्या मळ्याचा नवा करार झाला तेव्हा मुद्दाम फोन करून मला दर सांगितलास, तोही नऊ वाजता, इथले नऊ नाहीत, तिथले. पहाटे उठवलंस. फिटंफाट म्हण.

लावताना मी, उपटताना मी. सही दोन्ही वेळा नानांची. आणि काल त्या टेबलावर मी म्हणालो, माझ्या वडिलांचा या बागेवर फार जीव होता. कुणी विचारलंही नव्हतं. म्हाताऱ्याने मान डोलावली आणि मला तिथेच वाटलं की हे खरं आहे का, मला माहीतच नाही. त्या दिवशी ते जांभळाखाली उभे होते एवढं आठवतं. चेहरा आठवत नाही, मी ट्रॅक्टरकडे बघत होतो.

मी गेल्यावर सात वर्षं ते तुझ्याबरोबर होते. संध्याकाळी तुझ्या ओट्यावर बसायचे. तुझ्या बागेत छाटणीला यायचे, मजुरांच्या मागून जाऊन राहिलेली काडी कापायचे, हे तूच सांगितलं होतंस. बापू, ते कधी काही बोलले का रे? बागेबद्दल, माझ्याबद्दल. तू मला ते सांगितलं नसशील, तुझा स्वभाव मला माहीत आहे. आता सांग. शिव्या असतील तर शिव्या सांग.

तुझी छाटणी कुठवर आली? नदीकडचा प्लॉट उरकलास की पावसाने थांबवलंय? फुटी निघताना पाऊस नको एवढंच. धाकट्याचा सीईटीचा निकाल काय लागला ते कळव, आणि त्याला शेती करायची असेल तर करू दे, तू उगीच आडवा जाऊ नकोस. काकूंना नमस्कार, जिन्यावरून खाली-वर करू देऊ नकोस. ठिबकच्या नळ्यांचे माझ्या वाट्याचे पैसे या आठवड्यात टाकतो, मागच्या वेळेसारखं 'राहू दे' म्हणू नकोस, भांडण होईल.

फोन करू नकोस. फोनवर तू विषय बदलतोस आणि मी बदलू देतो. लिही. अक्षर वाईट असलं तरी चालेल, मला लागतं ते.

तुझा,
दिन्या

ता. क. नानांची छाटणीची कात्री तुझ्याकडेच आहे ना? दादाने भंगारात घातली नसली तर जपून ठेव. आणि १६ फेब्रुवारीला घरीच राहा, कुठल्या लग्नाला जाऊ नकोस. मी पण येतोय, तिकीट उद्या काढतो. हे लिहिता लिहिता इकडे दूध खाली लागलं, ही उठून आली आहे.