लक्ष्मी खोऱ्यातली ती रेघ

प्रिय वसंता,

दीड वर्षात एक ओळ लिहिली नाही. तुझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनची बातमीसुद्धा दादाकडून कळली आणि मी फोनवर दोन मिनिटं बोलून मोकळा झालो. रागावला असशील तर हक्काने राग. माझी तब्येत ठीक, शुगर गोळीवर आहे, डोळ्याचं मोतीबिंदूचं झालं. आता मुद्द्याचं.

अरबी समुद्राखालच्या लक्ष्मी खोऱ्यात आपण जहाजाने मोजमाप करत ज्या सरळ लाइनी कापल्या, त्यातल्या सात नंबरच्या लाइनवर तुझं बरोबर होतं.

हे दुसऱ्या कुणाला सांगून उपयोग नाही. घरी सांगितलं तर म्हणाली, "पस्तीस वर्षांपूर्वीची समुद्रातली रेघ, तिच्यापायी जेवण का टाकलंत?" म्हणून तुला लिहितोय.

झालं असं. आपल्या खोलीत आता जी मुलगी बसते (तुझ्याच खिडकीपाशी) तिने उपग्रहाच्या अल्टिमेट्रीवरून काढलेलं गुरुत्व आपल्या जुन्या जहाजी लाइनींवर ठेवून पाहिलं. समुद्राच्या पृष्ठभागाचे बारीक चढउतार मोजून खालचं वस्तुमान ताडायचं, तेही इतक्या बारकाईने, हे आपल्या वेळी स्वप्न होतं. बाकीच्या सगळ्या लाइनी दोन-तीन मिलीगॅलच्या (गुरुत्व मोजायचं आपलं बारीक एकक) आत जुळल्या. सातवर मात्र उपग्रहाला सहा मिलीगॅलचा उंचवटा दिसतो आणि आपल्या आलेखात तिथे सपाट पठार. पोर आली आणि साधेपणाने म्हणाली, "सर, यातलं चुकलं कोण?"

मी जुनी कच्ची नोंद काढली. उंचवटा तिथे आहे, वसंता. मीच तो काढून टाकला होता.

त्या रात्रीचं भांडण तुला आठवत असेलच. जहाज पूर्वेकडे चाललं की ग्रॅव्हिमीटरला, आपल्या गुरुत्व मोजणाऱ्या यंत्राला, सगळं हलकं भासतं, त्या अक्षांशावर दहा नॉटला सत्तरेक मिलीगॅलची दुरुस्ती, आणि वेगात दशांश नॉट चुकला की जवळजवळ पाऊण मिलीगॅल इकडचं तिकडे. जहाज नेमकं कुठे आहे ते सांगणारे उपग्रहाचे फिक्स दोन-दोन तासांनी यायचे. तुझा उंचवटा नेमका दोन फिक्सच्या मधला, शेजारच्या लाइनवर त्याचा मागमूस नाही. मी म्हणालो, मध्ये प्रवाह लागला असणार. तू म्हणालास, सहा मिलीगॅलसाठी पाऊण नॉटहून जास्त प्रवाह लागतो, तो अर्ध्या तासात येऊन अर्ध्या तासात गेला का? मी ऐकलं नाही. मग तू तुझा हुकमी पत्ता टाकलास: ग्रॅव्हिमीटर जहाजाच्या पोटात, मॅग्नेटोमीटर मागे दोन-तीनशे मीटरवर केबलला; त्याला वेगाचं काही पडलेलं नाही, मग चुंबकीय आलेखात त्याच जागी दरी कशी?

मी म्हणालो, चुंबकीय वादळ असेल. त्यावर किनाऱ्याला लागल्यावर तू मला ओढत अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेत नेलंस. दारात तुझ्या पट्ट्याचं लोखंडी बक्कल काढून ठेवायला लावलं आणि तू तासभर एका हाताने पँट धरून चार्ट उलगडत होतास. मी हसून हसून बेजार. तरी चार्टवर त्या रात्रीची रेषा दिसलीच, तळ्याच्या पाण्यासारखी शांत. विजेच्या ट्राम आल्या तेव्हा ही वेधशाळा कुलाब्याहून हलवली ती अशाच स्वच्छ नोंदीसाठी, हे तूच मला येताना बोटीत ऐकवलंस. मी वाद हरलो होतो. आणि माझ्या प्रबंधात काय लिहिलं, तर "स्थानिक विक्षोभ". दोनच शब्द.

याचा परिणाम कुठे होतो ते तुला समजावायला नको, पण मला मांडल्याशिवाय चैन पडत नाही. माझी सीमारेघ त्या पठारावर उभी आहे. पश्चिमेला पृथ्वीचं सागरी कवच, पूर्वेला ताणून पातळ झालेलं खंडीय, म्हणजे भारताच्या जमिनीचंच. आधार काय, तर पूर्वेला गुरुत्व सपाट, चुंबकीय खुणा नाहीत. आता तो उंचवटा अर्ध्या उंचीवर जेमतेम सोळा किलोमीटर रुंद भरतो. इतकं अरुंद काही मोहोवरून, म्हणजे कवचाच्या तळावरून, येत नाही; त्याचा स्रोत आठेक किलोमीटरच्या खाली असूच शकत नाही. घनतेत घनसेंटिमीटरला ०.३ ग्रॅमचा फरक धरला तर अर्धा किलोमीटर जाडीचा जड दगड पुरतो. म्हणजे कवचात घुसलेला बेसाल्ट, वर चुंबकीय. असलेच दगड रेघेच्या पश्चिमेलाही आहेत. मग रेघ कशाची?

१९९४ मध्ये भट्टाचार्य आणि मंडळींनी लक्ष्मी खोऱ्यात समुद्रतळ पसरल्याचे चुंबकीय पट्टे दाखवले, म्हणजे तुझ्या बाजूने तळ सागरी ठरला, तेव्हा तू पेढे वाटलेस. २००६ मध्ये कृष्णा आणि सहकाऱ्यांनी तेच खोरं ताणलेलं खंडीय कवच ठरवलं, तेव्हा मी तुला पोस्टकार्ड टाकलं, त्यावर फक्त उद्गारचिन्ह. (त्याचं उत्तर तू दिलं नाहीस. तेव्हा मला गंमत वाटली होती.) २०१५ मध्ये जॉयडीज रेझोल्युशन या तळ खोदणाऱ्या जहाजाने साडेतीन किलोमीटर पाण्याखाली हजार मीटरहून जास्त गाळ भेदून बेसाल्ट वर आणला. तू फोनवर म्हणालास, "मिटलं." मिटलं नाही रे. एका भोकातला बेसाल्ट तळाचा की आत घुसलेला, यावर अजून भांडता येतं. मी परवा दोन्ही मॉडेलं पुन्हा बसवली, पातळ सागरी आणि घुसखोर बेसाल्टांसह खंडीय. दोन्हींची चूक दोन मिलीगॅलच्या आत. गुरुत्वाला दोन्ही पटतात. सर म्हणायचे ना, वजन सांगतं किती, कुठे ते सांगत नाही.

पण ती रेघ मी अखंड काढली. ट्रेसिंगवर, रोट्रिंगने, ०.५ च्या निबने. तू म्हणत होतास तुटक काढ, निदान सातच्या आसपास तरी. तुटक रेघ परीक्षकाला भित्री वाटेल असं मला वाटलं. पुढे ती रेघ किती नकाशांत गेली! एकेकाळी भारताला चिकटलेले सेशेल्स नकाशावर परत जोडून बघणाऱ्यांनी लक्ष्मी रिजच्या (खोऱ्याच्या पश्चिमेची समुद्राखालची डोंगररांग) आत किती समुद्र मिटवायचा ते तिच्यावरून ठरवलं. या मुलीचा तिसरा चॅप्टर तिच्यावर आहे. मार्चमध्ये मी निवृत्त होतोय. शेजारचे म्हणतात, कोण विचारतंय, गप बसा. मला रात्री दोनला जाग येते आणि ते पठार दिसतं.

दुरुस्तीचं टिपण लिहायला घेतलंय. कच्ची नोंद, मी काय काढलं, का काढलं, सगळं. त्यात लिहायचं आहे की जहाजावर एकाने त्याच रात्री हरकत घेतली होती. तुझं नाव घालू का? तू त्यानंतर वर्षभरात बँकेत गेलास. त्यात या रेघेचा किती वाटा होता हे मी तुला कधी विचारलं नाही. आता विचारतोय. खरं ते सांग.

वहिनींची शाळा संपली का? धाकटीचं लग्न ठरल्याचं कानावर आलं, तारीख कळव. काठीशिवाय चालतोस ना?

आणि तुझी ती हिरव्या कापडाची डायरी, वॉचच्या, जहाजावरच्या पाळीच्या, नोंदींची. सातची रात्र, बारा ते चार. वारा, लाटा, कोर्स, जे असेल त्या पानाचा फोटो पाठव. जहाजाच्या लॉगबुकचं ते पान इथे भिजून गेलंय, आता दुसरी नोंद फक्त तुझ्याकडे आहे.

तुझा,
अरुण