हाताने रंगवलेल्या मुखवट्याला कचरा म्हणू नका

संपादक साहेब,

हॅलोवीनवरचा तुमच्या पुरवणीतला लेख इथे अमेरिकेत, एडिसनमध्ये बसून ऑनलाइन वाचला. लेखकाने हॅलोवीनला घालायचे सगळेच मुखवटे 'रबरी कचरा' म्हणून एका फटक्यात निकालात काढलेत. दुकानातला स्वस्तातला मुखवटा कचराच असतो, त्यावर वाद नाही, अख्ख्या तोंडाला एकच रंग फवारला, ओठ लाल केले, झालं काम. पण हाताने रंगवलेल्याचं प्रकरण वेगळं आहे, आणि मी मूळचा पेणचा, त्यामुळे रंगाबद्दल तोंड उघडायचा थोडा हक्क आहे असं समजतो.

सुट्टीत मी काकाच्या गणपतीच्या कारखान्यात पडीक असायचो. तिथे अंगाचा रंग कसा एकसारखा पाहिजे, जरा डाग दिसला की काका मूर्ती परत पाठवायचा. तोच हात घेऊन इथे लेटेक्सचा, म्हणजे पातळ रबराचा, कोरा मुखवटा रंगवायला बसलो, म्हाताऱ्याचा, गुळगुळीत गुलाबी केला आणि तो म्हातारा साडीच्या दुकानातल्या पुतळ्यासारखा दिसायला लागला. त्यात साधा अ‍ॅक्रेलिक रंग वापरलेला. पोराने घातला, दोनदा हसला आणि गालावरून रंगाचे पापुद्रे गळाले, कारण रबर ताणतं तसा तो रंग ताणत नाही.

यावर हॉलिवूडचे मेकअपवाले डिक स्मिथ यांनी कधीच तोड काढून ठेवली होती, ती मला नंतर कळली. प्रॉस-एड नावाचा कातडीला चालणारा गोंद आणि अ‍ॅक्रेलिक अर्धं-अर्धं मिसळायचं, त्याला पॅक्स म्हणतात. वाळल्यावरही चिकट राहतं म्हणून वरून टाल्कम पावडर.

आणि मग काकाने शिकवलेलं सगळं उलटं करायचं. खाली फिका रंग, त्यावर फाटक्या स्पंजने लाल, पिवळे, निळसर असे पातळ पातळ थर, मग जुन्या टूथब्रशने बारीक शिंतोडे. जवळून बघितलं तर गोवर आल्यासारखं दिसतं पण चार पावलं मागे जा, सगळं मिसळून कातडी होते. नाक, कान, गाल लालसर, कपाळ पिवळट, दाढीची जागा निळी-करडी. सुरकुत्यांवर पातळ तपकिरी पाणी सोडून लगेच फडक्याने पुसायचं, खाचेत उरतं तेवढंच ठेवायचं. चमक फक्त ओठांवर आणि पापणीच्या आतल्या कडेला, बाकी सगळं मॅट. मी मॉडेल म्हणून बाथरूमच्या आरशात स्वतःचंच नाक बघत होतो, तीन रविवार गेले त्यात.

गंमत म्हणजे पेणला सगळ्यात मानाचं काम डोळ्यांची आखणी, आणि इथे डोळ्याच्या जागी नुसतं भोक! डोळे मुखवटा घालणाऱ्याचे. मग भोकाच्या कडेला जांभळट छटा द्यायची आणि घालणाऱ्याने स्वतःच्या डोळ्यांभोवती काळं फासायचं, नाहीतर मधे गोरी गोरी कातडी दिसते. आमच्याकडे त्यासाठी बायकोचं काजळ गेलं, ती अजून बोलून दाखवते.

तो म्हातारा आता कपाटात थर्मोकोलच्या डोक्यावर बसलेला असतो, कारण लेटेक्स घडी घालून ठेवलं की नको तिथे वळ्या पडतात. गेल्या वर्षी आई आली होती, चादर काढायला तिने कपाट उघडलं, मी किंकाळीची वाट बघत होतो, तर ती म्हणाली, "अरे, हे नाक तर भाऊजींचं!"

आपला,
एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी